चॉकलेट ऑरेंज केकला संत्र्याची चव नीट यावी म्हणून काय करायचं

प्रश्न असा आहे की घरी चॉकलेट ऑरेंज केक केला, दीड कप मैद्याला पूर्ण एक कप ताजा संत्र्याचा रस घातला, अर्धा कप कोको, एक टीस्पून सोडा, एवढं करून संत्र्याची चव लागतच नाही, उलट खाल्ल्यावर मागून कडवट लागतं आणि केक मधे बसतो. आणि शक्य असेल तर एक साधी, जमेल अशी रेसिपी पण द्या, असं विचारलंय. मी बरीच वर्षं केकच्या ऑर्डर घेते, शिकवते पण, आणि हा केक माझा अगदी आवडता आहे त्यामुळे सविस्तर लिहिते. नुसती रेसिपी दिली तर पुढच्या वेळी परत अडकायला होतं, म्हणून कशाने काय होतं ते पण सांगते.

आधी मुख्य गोष्ट. संत्र्याचा जो वास आपल्याला हवा असतो तो रसात फार नसतोच, तो सालीत असतो. संत्रं सोलताना बोटांना जो तेलकट वास लागतो आणि बारीक फवारा उडतो ना, तेच ते. सालीच्या केशरी भागात तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचा घटक असतो, तेलात विरघळणारा. रस म्हणजे मुख्यतः पाणी, साखर आणि आंबटपणा. नुसता प्यायला छान लागतो कारण जिभेवर गोड आंबट दोन्ही येतं आणि ताजा वास असतो, पण तोच रस मैदा, कोको, साखर, तेल यात मिसळून पाऊण तास भाजला की वास वाफेबरोबर निघून जातो, आंबटपणा सोड्याने मरतो, आणि शेवटी उरतं ते पाणी आणि थोडी साखर. म्हणजे एक कप रस घालून तुम्ही खरं तर एक कप गोड पाणी घातलंय. चव वाढावी म्हणून लोक रस अजून वाढवतात आणि मग केक ओला, चिकट, मधे बसलेला होतो, चव मात्र तिथेच.

म्हणून माझा नियम साधा आहे, सालीचा कीस भरपूर आणि बॅटरमधे रस थोडाच, चौथा हिस्सा कप, म्हणजे ६० मिली. उरलेला रस केक भाजून झाल्यावर वापरायचा, कारण तेव्हा त्याचा वास उडवायला ओव्हन नसतो. एवढा एक बदल केलात तरी फरक लगेच कळेल.

आता साल किसण्याबद्दल, कारण सगळं तिथेच ठरतं आणि बहुतेक जण तिथेच घाई करतात. घट्ट सालीची संत्री घ्या, ज्यांची साल गराला चिकटलेली असते. सैल, ढिल्या सालीची संत्री किसायला गेलं की साल दबते, फाटते, पांढरा भाग पण बरोबर निघतो. तीच मिळाली असतील तर अर्धा पाऊण तास फ्रीजमधे ठेवा, जरा कडक होतात, मग हलक्या हाताने किसा. बऱ्याच संत्र्यांवर चकाकीसाठी मेणाचा थर असतो, कोमट पाण्यात ब्रशने किंवा स्वच्छ कपड्याने घासून धुवा आणि पूर्ण कोरडी करा, ओल्या सालीचा कीस किसणीलाच चिकटून बसतो. आधी किसायचं आणि मग कापून रस काढायचा, उलटं केलंत तर अर्धं पिळलेलं मऊ संत्रं किसता येत नाही.

किसणी बारीक दातांची हवी. एका जागी एकदाच, फार तर दोनदा फिरवायचं आणि संत्रं लगेच वळवायचं. केशरी रंग जाऊन खालचा फिकट भाग दिसायला लागला की थांबायचं. तो पांढरा भाग कडू असतो आणि केकमधला कडवटपणा बऱ्याचदा तिथूनच येतो, पूर्ण साल निघावी म्हणून जोर लावून किसलं की कीस भरपूर दिसतो पण त्यातला अर्धा पांढराच असतो. एका मध्यम संत्र्याचा साधारण एक टेबलस्पून कीस निघतो, दोन संत्र्यांचा मिळून दोन. माझ्या केकला मला दोन संत्र्यांचा कीस लागतोच, एका संत्र्यावर मी भागवत नाही, कारण कोको फार जोरकस असतो आणि एका संत्र्याचा वास त्याच्याखाली दबून जातो.

आणि हा कीस सरळ बॅटरमधे टाकायचा नाही. वाडग्यात साखर घ्या, त्यावर कीस टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा, दोन मिनिटं तरी. साखरेचे दाणे खरखरीत असतात, त्याने तेलाच्या पिशव्या फुटतात आणि तेल साखरेला लागतं. सुरुवातीला कीस वेगळा आणि साखर वेगळी दिसते, मग हळूहळू साखर ओलसर होत जाते, ओल्या वाळूसारखी, रंग फिकट केशरी होतो आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. मुठीत दाबली की जराशी गोळा होते. इथे आलं की झालं. झाकण ठेवून दहा पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, तोवर बाकीची तयारी होते. साखर दाणेदारच घ्या, पिठीसाखरेने हे होत नाही कारण तिच्यात खरखरीतपणा उरलेला नसतो. माझ्या क्लासमधे मी हा टप्पा प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला लावते, कारण चोळलेल्या साखरेचा वास एकदा घेतला की नुसता कीस बॅटरमधे टाकून मोकळं होण्याची सवय आपोआप सुटते.

आता कोको. दोन प्रकारचे मिळतात आणि तुमचा केक कडवट होण्यात याचाही हात असू शकतो. एक नॅचरल, जो फिकट तपकिरी आणि आंबटसर असतो, त्याचा पीएच साधारण साडेपाचच्या आसपास. दुसरा डच प्रोसेस्ड, ज्याला अल्कलीची प्रक्रिया केलेली असते, रंग गडद, चव मऊ, पीएच सातच्या आसपास किंवा थोडा वर. नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटन घराण्याने १८२८ मधे कोकोबीच्या लगद्यातून बरंचसं कोको बटर दाबून काढायच्या प्रेसचं पेटंट घेतलं, त्यातून कोको पावडर करणं सोपं झालं, आणि ही अल्कलीची पद्धत पण त्यांचीच, म्हणून नावात डच. पाकिटावर घटकांची यादी वाचा, अल्कली किंवा अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर ५०० किंवा ५०१ असं लिहिलं असेल तर तो डच. हे बघायचं कारण सोडा. नॅचरल कोको आंबट असल्यामुळे सोड्याबरोबर काम करतो, डच कोको सोड्याला काही देत नाही, त्यामुळे डच कोको आणि वर भरपूर सोडा असं झालं की सोडा शिल्लक राहतो आणि तो साबणासारखा, कडसर लागतो. तुमच्या प्रमाणात एक पूर्ण टीस्पून सोडा आहे, दीड कप मैद्याला तो जास्तच आहे. कपभर रसाने सगळा सोडा खर्च होईल असं वाटतं पण गोड संत्र्याच्या रसात तेवढा आंबटपणा नसतो. म्हणजे कडवटपणाला दोन उमेदवार, सालीचा पांढरा भाग आणि उरलेला सोडा. साल किसली नसेल, नुसता रसच घातला असेल तर मग सोडाच.

ड्रिंकिंग चॉकलेट कोकोच्या जागी चालणार नाही बरं का, त्यात बरीचशी साखरच असते.

केक मधे बसण्याचं पण यातच उत्तर आहे. सोडा आणि आंबट पदार्थ ओल्यात भेटले की गॅस लगेच तयार व्हायला लागतो, ओव्हनची वाट बघत नाही. सोडा जास्त असला की बॅटर भराभर फुगतं, पण मैदा आणि अंडं आतून सेट व्हायला वेळ लागतो, तोवर बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत मिसळून फुटतात आणि मधला भाग खाली येतो. त्यात पातळ रस जास्त असेल तर सेट व्हायला अजून उशीर. मधला भाग सगळ्यात शेवटी भाजला जातो म्हणून खड्डा नेहमी मधेच पडतो. ओव्हनचं दार वीस मिनिटांनी उघडून बघितलं तरी हेच होतं, पण तुमच्या केसमधे मला प्रमाणच मुख्य वाटतंय.

तर रेसिपी. हे २० सेंटिमीटरच्या गोल टिनसाठी आहे, टिन निदान ७ सेंटिमीटर उंच असावा. मैदा १८० ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, दाणेदार साखर २०० ग्रॅम, दोन संत्र्यांच्या सालीचा कीस, दोन अंडी, वास नसलेलं तेल १२० मिली, घट्ट साधं दही १०० ग्रॅम, संत्र्याचा रस ६० मिली, उकळतं पाणी १२० मिली, बेकिंग पावडर एक टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून. हा सोडा नॅचरल कोकोसाठी आहे, कोको डच असेल तर सोडा पाव टीस्पून करा आणि बेकिंग पावडर दीड टीस्पून. टीस्पून म्हणजे मोजायचा ५ मिलीचा चमचा, सपाट, शीग लावून नाही. आणि शक्यतो वजन काटा वापरा. मैदा कपात दाबून भरला की सहज २०-३० ग्रॅम जास्त जातो आणि केक कोरडा होतो, मग दोष कोकोला दिला जातो.

अंडी आणि दही आधीच बाहेर काढून ठेवा, थंडगार असली की तेलाबरोबर नीट एकजीव होत नाहीत. ओव्हन १७० डिग्रीला लावा. फॅनवाला ओव्हन असेल तर १५० ते १५५. टिनच्या तळाला बटर पेपर, कडांना तेलाचा हात आणि त्यावर मैद्याऐवजी कोको भुरभुरवा, म्हणजे बाहेरून पांढरे डाग दिसत नाहीत.

साखर-साल चोळून बाजूला ठेवली की कोको एका वाडग्यात घ्या आणि त्यावर उकळतं पाणी थोडं थोडं ओतत फेटा. आधी घट्ट गोळा होईल, मग गुळगुळीत, चकचकीत, पातळसर पेस्ट. गरम पाण्याने कोकोची चव खुलते, कोरड्या कोकोत ती बंद असते, शिवाय गुठळ्या राहत नाहीत. ही पेस्ट कोमट होऊ द्या. कढत असताना घातली तर अंड्याच्या गुठळ्या होतील आणि मेहनतीने काढलेला सालीचा वास पण तिथेच उडून जाईल. बरेच जण चॉकलेट केकमधे पाण्याऐवजी गरम कॉफी घालतात, नुसत्या चॉकलेट केकला ती मस्तच, पण इथे घालू नका. कॉफी कोकोला अजून गडद करते आणि संत्रं परत मागे पडतं. व्हॅनिला पण मी यात घालत नाही, चोळलेल्या सालीपुढे त्याची गरजच नसते.

मग साखरेत अंडी फोडून घाला आणि दोन तीन मिनिटं चांगलं फेटा, हाताच्या व्हिस्कने चालेल, रंग फिकट झाला आणि जरा फुललं की तेल बारीक धारेने घालत फेटत राहा, मग दही, मग रस, मग कोमट कोको पेस्ट. रस घातल्यावर मिश्रण जरा फुटल्यासारखं, कणीदार दिसलं तर घाबरू नका, मैदा गेला की ठीक होतं. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र करून चाळून घ्या आणि दोन वेळा करून घाला. इथून पुढे फेटायचं नाही, स्पॅच्युलाने खालून वर वळवत मिसळायचं आणि कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. फार घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन वाढतं, केक रबरी होतो आणि आत बोगदे पडतात. बॅटर ओतण्याइतपत पातळ पण जाडसर धारेत पडणारं हवं. टिनमधे ओता, ओट्यावर एक दोनदा आपटा आणि लगेच ओव्हनमधे. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण सोडा कामाला लागलेला असतो, बॅटर तयार करून मग ओव्हन लावायला जाऊ नका.

ओव्हनबद्दल थोडं. घरगुती ओव्हनचा काटा जे दाखवतो ते खरं असेलच असं नाही, दहा वीस डिग्रीचा फरक अगदी नेहमीचा आहे, त्यामुळे आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर घ्या, माझ्या मते महागड्या टिनपेक्षा तो जास्त गरजेचा आहे. ओव्हनवरचा तापल्याचा दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार असं पण नाही, हवा तापलेली असते पण भिंती अजून तापत असतात, अजून दहा मिनिटं जाऊ द्या. छोट्या ओव्हनमधे वरचा रॉड केकच्या फार जवळ येतो आणि वरचा थर आधी कडक होऊन डोंगरासारखा फुटतो, त्यात टिन खालच्या कप्प्यात ठेवा आणि पहिल्यांदा दार उघडाल तेव्हा गरज वाटली तर वरून फॉइल सैल झाका.

चॉकलेट केकची एक अडचण अशी की तो झाला का हे रंगावरून कळत नाही, बॅटर आधीपासूनच तपकिरी असतं. साध्या केकला सोनेरी रंग दिसतो तसं इथे काही नाही. म्हणून बाकीच्या खुणा बघायच्या. साधारण ३८ मिनिटांनी पहिल्यांदा दार उघडा, त्याआधी नाही. कडा टिनपासून किंचित सुटलेल्या दिसतात, मधे बोटाने हलकं दाबलं तर खळगा न राहता वर येतं, आणि टूथपिक मधोमध घातली की ओलं बॅटर न येता एखाद दोन ओलसर कण लागून येतात. अगदी कोरडी स्वच्छ टूथपिक यायची वाट बघत बसलात तर केक जरा जास्त भाजला जातो. प्रोब थर्मामीटर, म्हणजे केकमधे टोचायचा, असेल तर मधे ९५ ते ९८ डिग्री. माझ्याकडे हा केक ४० ते ४५ मिनिटांत होतो, टिन काळा असेल तर जरा लवकर, कारण गडद टिन उष्णता जास्त ओढतो. आणि वास पण खूण आहे, चॉकलेटचा वास खोलीभर जोरात यायला लागला की बघायला जायची वेळ झाली समजा.

केक भाजतोय तोवर पाक करून घ्या. रसाचा दुसरा भाग, ६० मिली, त्यात ४० ग्रॅम साखर, छोट्या पातेल्यात मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत, एक उकळी आली की बंद. आटवायचा नाही, आटवला की रस शिजल्याचा वास येतो, मोरंब्यासारखा, ताजेपणा जातो. गॅस बंद केल्यावर यात अर्ध्या संत्र्याचा ताजा कीस घाला, तिसरं संत्रं असेल तर. केक बाहेर आला की दहा मिनिटं टिनमधेच राहू द्या, मग टूथपिकने वरून भोकं पाडा, तळापर्यंत, आणि कोमट पाक ब्रशने थोडा थोडा लावत जा. एकदम ओतलात तर सगळा एका जागी मुरतो आणि तिथे पचपचीत होतं. तीन चार फेऱ्यांत लावा, मधे मिनिटभर थांबा. हा सगळा ६० मिली रसाचा पाक २० सेंटिमीटरच्या केकला बरोबर पुरतो. कपभर रस बॅटरमधे घालून जे मिळत नव्हतं ते इथे या चार टेबलस्पून रसात मिळतं, कारण हा रस भाजला गेलेलाच नाही.

वर काहीच लावलं नाही तरी हा केक पूर्ण आहे, चहाबरोबर मी असाच खाते. गनाश, म्हणजे वर लावायचं चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, हवं असेल तर १०० ग्रॅम डार्क चॉकलेट, ५० ते ५५ टक्केवालं, आणि १०० मिली क्रीम. क्रीम पातळ, कमी फॅटचं असेल तर ८० मिली पुरे. क्रीममधे संत्र्याच्या सालीच्या दोन तीन पातळ पट्ट्या, पांढरा भाग न घेता, टाकून गरम करा, कडेने बुडबुडे दिसले की बंद करून झाकून पंधरा मिनिटं ठेवा. क्रीममधलं फॅट सालीचं तेल ओढून घेतं. मग परत गरम करा, पट्ट्या काढून टाका, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून सुरू करून हळूहळू बाहेरच्या दिशेने ढवळा.

गनाशमधे रस घालायचा मोह होतो, तो टाळा. गरम क्रीममधे आंबट रस गेला की क्रीम फुटू शकतं, आणि नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमधे चमचाभर रस पडला तर चॉकलेट घट्ट, भुरभुरीत गोळा होतं. हे फसवं आहे, वाटतं की पाणी घातल्यावर पातळ व्हायला पाहिजे. पण वितळलेलं चॉकलेट म्हणजे फॅटमधे तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण, थोडंसंच पाणी गेलं की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. पाणी पुरेसं असेल, म्हणजे साधारण ६० ग्रॅम चॉकलेटला निदान एक टेबलस्पून, तर हा त्रास होत नाही. असं झालंच तर चॉकलेट फेकू नका, एक एक चमचा गरम क्रीम किंवा गरम पाणी घालत ढवळा, परत गुळगुळीत होतं, फक्त आता ते सॉस म्हणून वापरायचं, बार किंवा साचे करायला नाही.

बटर का नाही, असं मला क्लासमधे दर वेळी विचारतात. बटरची चव छान असते यात शंकाच नाही, पण बटर थंड झालं की घट्ट होतं आणि कोकोवाला केक आधीच जरा कोरडा लागतो कारण कोको मैद्यापेक्षा जास्त पाणी शोषतो. तेल थंडीतही पातळ राहतं त्यामुळे दुसऱ्या तिसऱ्या दिवशी पण केक मऊ असतो. शिवाय तेलाला स्वतःची चव नाही म्हणून संत्रं पुढे येतं. साधा ऑरेंज केक कोको न घालता करायचा असेल तर मी बटरच घेईन. आणि कोको जास्त आवडतो म्हणून ४० चे ७० ग्रॅम करायचे असतील तर तेवढाच मैदा कमी करा आणि पाणी ३०-४० मिली वाढवा, नुसता वरून वाढवलात तर केक कोरडा होणारच. पण मी सांगेन की या केकमधे कोको वाढवू नका. हा मूळ चॉकलेटचा केक आणि त्यात नावाला संत्रं असा नाहीये, दोघं बरोबरीने लागले पाहिजेत. कोकोच्या वासात लिनालूल नावाचा एक फुलासारखा घटक असतो आणि तो संत्र्याच्या सालीच्या तेलातही असतो, ही जोडी जुळते त्याला हा एक दुवा आहे, पण कोको जास्त झाला की भाजका कडूपणा इतका वर येतो की बाकी काही कळत नाही. मीठ मात्र वगळू नका, पाव टीस्पूननेच कडूपणा बराच खाली बसतो.

अंड्याशिवाय करायचा असेल तर अंडी काढून दही १०० ऐवजी २०० ग्रॅम घ्या, साखर दही तेल आधी नीट एकजीव करा, बाकी तसंच. मात्र अंड्याचा आधार नसल्यामुळे उंच केक मधे बसायची शक्यता जास्त, म्हणून बॅटर दोन टिनमधे वाटून पातळ थर भाजा, साधारण २५ मिनिटांनी बघायला लागा. दही फार आंबट घेऊ नका. कपकेक करायचे असतील तर याच बॅटरचे होतात, १८० डिग्रीला वीस बावीस मिनिटं.

इसेन्सबद्दल पण विचारतात लोक. बाटलीतल्या ऑरेंज इसेन्सची चव बहुतेक वेळा गोळी-चॉकलेटसारखी येते, मला नाही आवडत. खाण्याचं शुद्ध संत्र्याच्या सालीचं तेल मिळालं तर चांगलं आहे पण फार तीव्र असतं, दोन तीन थेंबांच्या वर जाऊ नका, साखरेतच टाकून चोळा. अंगाला लावायचं किंवा सुगंधासाठी मिळतं ते तेल वापरायचं नाही, खाण्याचंच असल्याची खात्री करा. पूर्ण संत्रं सालीसकट दीड दोन तास उकडून, बिया काढून, वाटून घालायची पण एक पद्धत आहे, बदामाच्या पुडीबरोबर, मैदा नसतोच. उकडल्यावर पांढऱ्या भागाचा कडूपणा बराच उतरतो. तो केक दाट आणि ओलसर होतो, मुरंब्यासारखी चव येते. छान असतो पण तो वेगळा केक आहे, पहिल्यांदा हा साधा जमवा.

पुरेसा गार व्हायच्या आत कापू नका, दीड तास तरी. गरम असताना आतला भाग चुरतो आणि पाक नीट मुरलेला नसतो. खरं तर हा केक आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी कापला तर सगळ्यात चांगला लागतो, पाक सगळीकडे पसरतो, कोकोचा तिखट कडूपणा मऊ होतो आणि संत्र्याचा वास जास्त स्पष्ट येतो. घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर दोन दिवस राहतो, गनाश असेल किंवा हवा गरम असेल तर फ्रीजमधे ठेवा पण खायच्या तासभर आधी बाहेर काढा. गार केकचा वास नाकापर्यंत पोचत नाही, आणि लोक म्हणतात केकला चव नाही.

फ्रीझरमधे पाक लावलेला केक प्लॅस्टिकमधे घट्ट गुंडाळून महिनाभर ठेवता येतो, गनाश मात्र नंतर लावा. आणि पुढच्या वेळेसाठी एक, नुसती खायला आणलेली संत्री असतात ना, ती सोलायच्या आधी धुऊन साल किसून घ्या, साखरेत चोळा आणि छोट्या डब्यात भरून फ्रीझरमधे टाका, डब्यावर किती संत्री आणि किती साखर ते लिहून ठेवा. म्हणजे केक करायच्या दिवशी तेवढी साखर मापातून वजा करायची आणि बाकी रसापुरती एक दोन संत्री असली की झालं.